मुठीमुठीने : मुलांमध्ये देण्याची सवय कशी रुजते

मुलांना देण्याची सवय लावायची म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या असतात. आपल्याकडची वस्तू, पैसा किंवा खाऊ दुसऱ्यासाठी सोडणे ही पहिली. आपला वेळ आणि श्रम दुसऱ्याच्या कामी लावणे ही दुसरी. समोरच्याची अडचण ओळखून त्याच्याशी जपून वागणे ही तिसरी. रोजच्या बोलण्यात यांनाच दान, सेवा आणि दया म्हणतात. तिन्ही एकमेकींना धरून असल्या तरी त्या एकाच वयात येत नाहीत आणि एकाच उपायाने वाढत नाहीत. रडणाऱ्या भावंडाच्या गालावरून हात फिरवणारे दोन वर्षांचे मूल हातातले बिस्कीट मोडून देईलच असे नाही. शाळेच्या मदतपेटीत न चुकता पैसे टाकणारा सातवीतला मुलगा वर्गात नव्याने आलेल्या मुलाला डबा खाताना शेजारी बसवून घेईलच असेही नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाच्या अनेक रीती होऊन गेल्या. काही आजही चालू आहेत. घरातला वेगळा काढलेला घास, वार लावून जेवणारा विद्यार्थी, मुष्टिफंड, पैसा फंड, भाऊबीज निधी, श्रमदानाची शिबिरे, स्काउटची खरी कमाई ही त्यांतली ठळक नावे. यांपैकी ज्या रीती मुलांच्या अंगवळणी पडल्या त्यांत चार गोष्टी समान दिसतात. द्यायचा वाटा लहान होता, तो नेमाने निघत होता, तो मुलाच्या स्वतःच्या हातून जात होता आणि घरातली मोठी माणसेही तेच करत होती. मानसशास्त्राने गेल्या ५० वर्षांत प्रयोगांतून काढलेले निष्कर्षही बहुतांशी याच दिशेने जातात.

वय आणि समज

दुसऱ्याला मदत करण्याची ओढ फार लवकर दिसते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड वर्षाची मुले होती. त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस काम करता करता अडत असे. कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा पडे आणि त्याचा हात पोचत नसे. किंवा दोन्ही हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचे दार उघडता येत नसे. बहुतेक मुलांनी कोणी न सांगता, बक्षिसाची आशा नसताना, निदान एकदा तरी पुढे होऊन मदत केली. तोच माणूस चिमटा मुद्दाम खाली टाकी, तेव्हा मुले तितकीशी धावत नसत. अडचण आणि साधी कृती यांतला फरक या वयातही कळतो, असा याचा अर्थ आहे.

स्वतःची वस्तू देणे हे मात्र अवघड असते. स्वित्झर्लंडमधल्या ३ ते ८ वर्षांच्या २२९ मुलांवरचा अभ्यास अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. मुलाने आपल्या वाट्याची गोळी दुसऱ्या मुलाला द्यायची की स्वतःकडे ठेवायची, असा पर्याय त्यात होता. ३–४ वर्षांच्या मुलांपैकी दहा टक्क्यांहून कमी मुलांनी वाटून घेतले. ७–८ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. तीन वर्षांच्या मुलाने खेळणे घट्ट धरून ठेवले, तर त्याला स्वार्थी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. ‘माझे’ म्हणजे काय हे ते त्या वयात शिकत असते, आणि ते कळल्याशिवाय ‘माझ्यातले तुला’ कळणे शक्य नसते.

तरीही या वयात देण्याचा आनंद नसतो असे नाही. लारा अकनिन, काइली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला आणि तो एका बाहुलीला द्यायला सांगितला. मुलांच्या चेहऱ्यावरचे भाव नंतर तपासण्यात आले. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा तो दिला तेव्हा मुले अधिक खूश दिसली. आयता सापडलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाडग्यातला देताना हा आनंद जास्त होता. हा अभ्यास २०१२ सालचा. आईने हातात दिलेले नाणे पेटीत टाकणे आणि आपल्या खाऊतला वाटा देणे, या दोन कृती मुलाच्या लेखी वेगळ्या असतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

सात-आठ वर्षांनंतर न्यायाची जाणीव तीव्र होते. ‘त्याला जास्त का?’ हा प्रश्न याच वयातला. पुढे दहा-बारा वर्षांच्या सुमाराला मूल न पाहिलेल्या माणसाच्या दुःखाचा विचार करू शकते. दूरच्या गावातला पूर, परक्या राज्यातला भूकंप, अनोळखी माणसाचा आजार त्याच्या आवाक्यात येतो. किशोरवयात ‘हे दुःख मुळात आहे तरी कशामुळे?’ असा प्रश्न पडू लागतो, आणि तिथे दानाची चर्चा हक्क आणि व्यवस्था यांच्या चर्चेला जाऊन मिळते.

मोठ्यांचे वागणे, मोठ्यांचे बोलणे

सांगण्यापेक्षा करण्याचा परिणाम जास्त होतो, हे घरोघरी बोलले जाते. फिलिप रश्टन यांनी १९७५ साली ते प्रयोगाने तपासले. ७ ते ११ वर्षांच्या मुलांसमोर एक मोठा माणूस खेळात टोकन जिंके. ती गरजू मुलासाठी ठेवलेल्या पेटीत टाकणे किंवा स्वतःकडे ठेवणे त्याच्या हाती असे. कधी तो उदारपणे देई, कधी काहीच देत नसे. कधी देण्याचा उपदेश करी, कधी न देण्याचा, तर कधी गप्प राही. मुलांच्या देण्यावर त्या माणसाच्या कृतीचा ठसा स्पष्ट उमटला. नुसत्या उपदेशाची छाप त्या मानाने फिकी पडली, आणि कृतीचा परिणाम दोन महिन्यांनंतरच्या चाचणीतही टिकून होता.

बोलणे निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. कसे बोलावे यावरही अभ्यास झाले आहेत. मुलाने कोणाला ढकलले, तर ‘वाईट मुलगा’ म्हणण्यापेक्षा ‘बघ, तिला लागले, म्हणून ती रडते आहे’ असे समोरच्याच्या दुःखाकडे लक्ष वेधणारे बोलणे मुलात सहानुभूती वाढवते. मार्टिन हॉफमन यांनी या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लहान मुलांच्या आयांच्या नोंदींवरून तिला दुजोरा दिला. आईने असे समजावताना आवाजात कळकळ असेल तर परिणाम अधिक होतो, थंडपणे दिलेल्या स्पष्टीकरणाने तेवढा होत नाही, हेही त्या नोंदींत दिसले.

कौतुकाचा प्रश्न नाजूक आहे. जोन ग्रूसेक आणि एरिका रेडलर यांच्या १९८० सालच्या अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांनी जिंकलेल्या गोट्यांतल्या काही गरीब मुलांसाठी दिल्या. काहींना ‘छान काम केलेस’ असे सांगण्यात आले, तर काहींना ‘तू मदत करणारा आहेस’ असे. दुसऱ्या गटातली मुले पुढच्या प्रसंगांत अधिक उदार राहिली. पाच वर्षांच्या मुलांत असा फरक आढळला नाही. स्वभावाविषयीची समज ज्या वयात घडत असते, त्या वयात स्वभावाचे कौतुक लागू पडते.

बक्षिसाने मात्र सवय मोडू शकते. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. प्रत्येक मदतीनंतर वस्तू मिळालेली मुले, वस्तू देणे बंद होताच इतर मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. ज्यांना शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही, त्यांची मदत चालू राहिली. ‘आजीला पाणी नेऊन दे, मग चॉकलेट मिळेल’ हा व्यवहार आजच्यापुरता यशस्वी होतो आणि उद्याची मदत महाग करून ठेवतो.

घरातून निघणारा वाटा

जुन्या मराठी घरांत देण्याच्या रीती रोजच्या स्वयंपाकाशी आणि सणांशी बांधलेल्या होत्या. पहिली पोळी गाईसाठी निघे, दाराशी आलेल्याला पसाभर धान्य मिळे, अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा दिला जाई, संक्रांतीला वाण लुटले जाई. धान्य घालायला पुष्कळदा लहान मुलालाच पाठवत. पंगतीत मीठ, लिंबू आणि पाणी वाढण्याचे काम मुलांकडे असे. पुढे भाजी आणि मग पोळी वाढण्याची बढती मिळे, आणि आधी इतरांचे जेवण व्हावे, मग आपण बसावे हा धडा न सांगता मिळत असे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला निघालेल्या पालख्यांच्या वाटेवरच्या गावांत दिंड्यांना जेवू घालणे, पाणी देणे हे सारे घर मिळून करते, आणि वारकऱ्यांच्या हाती काही ठेवण्यासाठी मुले रस्त्याच्या कडेला उभी असतात. मुस्लिम घरांत रमजान ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा फित्रा माणशी काढला जातो. घरातल्या लहान मुलाच्या नावचाही वाटा त्यात असतो. शीख गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये भांडी घासणे आणि वाढणे यांत मुले मोठ्यांच्या बरोबरीने असतात. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्येही हे दृश्य नेहमीचे आहे.

वार लावून जेवणे ही शिक्षणाशी थेट जोडलेली रीत. पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेला गरीब मुलगा आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून घेई. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे असे त्याचे जेवण चाले. काही मुले माधुकरी, म्हणजे घरोघरी जाऊन शिजवलेले अन्न, मागत. एका घरावर फार भार न पडता एका विद्यार्थ्याचे वर्ष निभत असे आणि त्या घरातल्या मुलांना ठरलेल्या वारी आपल्या पंगतीत एक पाहुणा असणे स्वाभाविक वाटे.

या रीतीला दोन मोठ्या मर्यादा होत्या. एक म्हणजे हे देणे बहुधा जातीच्या आत फिरे; वार आणि माधुकरी यांचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांना झाला. दुसरी म्हणजे घेणाऱ्याचा मान यजमानाच्या मर्जीवर राही. उपकाराची जाणीव ताटासोबत वाढली जाई, आणि अशा जेवणाचे ओझे वाटल्याच्या आठवणी त्या काळच्या आत्मचरित्रांत आहेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि विद्यार्थ्याला आपल्या हक्काचे छप्पर मिळाले.

घरातल्या संस्काराचे मराठीतले सर्वांत परिचित चित्र साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातली आई गरीब आहे. तिच्याकडे देण्यासारखी वस्तू क्वचितच असते. तिचे शिकवणे श्रम आणि वागणूक यांवर उभे आहे. मोळी खाली पडलेल्या वृद्ध दलित स्त्रीला ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि त्या काळच्या विटाळाच्या समजुतीपुढे माणसाची अडचण मोठी ठरवते. दानशूरपणासाठी संपत्ती लागते ही समजूत या पुस्तकाने मराठी मुलांच्या मनातून पुष्कळ अंशी काढून टाकली.

संस्था उभ्या करणाऱ्या मुठी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरातल्या या वाट्याला सार्वजनिक रूप मिळाले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. रुपयाचे ६४ पैसे असण्याच्या त्या काळात ही रक्कम मजुरालाही परवडणारी होती. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले आणि तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. देणगीचा आकार इतका लहान की कोणी नाही म्हणू नये, आणि देणारे इतके की कोणा एकाचे नाव पाटीवर लागू नये, हे या फंडाचे वैशिष्ट्य होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली; १९२४ साली तिचे मुख्य ठिकाण साताऱ्याला आले. सर्व जातींची मुले एकत्र राहून, एकत्र शिजवून, एकत्र जेवणार हा साताऱ्याच्या वसतिगृहाचा पाया होता. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात खेड्यापाड्यांतून मुठीमुठीने जमलेल्या धान्याचा मोठा आधार होता. दळणासाठी काढलेल्या धान्यातून बाईने एक मूठ बाजूला ठेवायची, इतकेच मुष्टिफंडात अपेक्षित असे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. वसतिगृहातली मुले हे सारे पाहत होती आणि स्वतःही शेतात, बांधकामावर राबत होती. घेणारा मुलगा काम करून शिकत असल्याने त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नसे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच विचारातून पुढे आली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी दिवाळीशीच जोडलेला आहे. भाऊबिजेला आपल्या बहिणीच्या ताटात ओवाळणी घालताना संस्थेत शिकणाऱ्या मुलींनाही बहीण मानून काही रक्कम द्यावी, अशी ही कल्पना. स्वयंसेवक घरोघर जाऊन, पावती देऊन हा निधी जमा करतात. या निधीने नात्याची चौकट वापरली. देणारा दाता राहत नाही, भाऊ होतो, आणि घेणारीचा मान सांभाळला जातो. सणाच्या खर्चातला वाटा असल्याने दरवर्षी त्याची आठवणही आपोआप होते.

श्रमाचे दान

पैसा किंवा धान्य हाताशी नसलेल्यांसाठी, आणि हाताशी असलेल्यांना ते पुरेसे नाही हे कळावे म्हणून, श्रमाची वाट महत्त्वाची ठरली. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, वसतिगृहे उभारली. स्वतःसाठी मात्र गाडग्यापलीकडे काही ठेवले नाही. राज्य शासनाने २०००–०१ पासून सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आहे.

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत राज्यभरातून आलेली तरुण मुले सकाळी कुदळ-फावडे घेऊन बंधारे, रस्ते, शेततळी यांच्या कामाला लागतात आणि उरलेल्या वेळात व्याख्याने, चर्चा, गाणी होतात. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी उभ्या केलेल्या या वसाहतीत राहून काम केल्याने ‘आपण यांना मदत करायला आलो’ ही भावना लवकर गळून पडते, कारण तिथे शिकवणारे हात त्यांचेच असतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. शिबिर चांगले झाले की विद्यार्थी गावाला समस्या म्हणून पाहणे सोडतो. ते गुणांसाठी उरकले की झाडे लावून फोटो काढले जातात आणि पाणी कोणी घालत नाही.

शाळेतल्या रीती

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना १९५० साली एकत्रित रूपात आली. तिच्या दोन प्रथा लहान वयासाठी विशेष उपयोगी आहेत. रोज एक सत्कृत्य ही पहिली. खरी कमाई ही दुसरी. तिच्यात मुले कष्टाचे छोटे काम करून, किंवा स्वतः केलेले पदार्थ आणि वस्तू विकून पैसे मिळवतात. ते पैसे पथकाच्या कामाला किंवा मदतीला जातात. घरून आणलेल्या दहा रुपयांपेक्षा भेळ विकून मिळवलेले दहा रुपये देताना मुलाला आपण काही सोडतो आहोत हे कळते.

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. शाळेत छातीवर लावायचा छोटा ध्वज आणि क्षयरोग निवारणाची तिकिटे विकत घेतल्याची आठवण आज पन्नाशीत असलेल्या अनेकांना असते. सैनिकांचे कुटुंब म्हणजे काय, क्षयाला औषध किती महिने घ्यावे लागते, हे पाच मिनिटे सांगणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हा उपक्रम शिक्षण ठरतो. इतर वर्गांत ती एक वसुली असते. २००९ साली सुरू झालेला आणि आता २ ते ८ ऑक्टोबर या आठवड्यात देशभर साजरा होणारा दान उत्सव याच धर्तीवर शाळा, कार्यालये आणि वस्त्यांना देण्याचे निमित्त पुरवतो.

बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने सुरू केलेला ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम पुढे राज्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पोचला. त्यात मूल्यांवर भाषण नसते. मुले जोड्यांत आणि गटांत बोलतात, खेळ खेळतात, भांडण झाले तर कसे मिटवायचे यावर स्वतः मार्ग काढतात. रोजचा परिपाठ आणि सुविचार यांना मर्यादा असतात हे ओळखून ही रचना झाली आहे.

शाळेच्या पटाची रचनाही मुलांना घडवते. दिल्लीतल्या खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्यानंतर काय झाले, याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत घरांतली मुले अधिक उदार झाली, धर्मादाय कामासाठी पुढे येऊ लागली आणि गरीब मुलांना संघात घेताना भेदभाव कमी करू लागली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट सोडली, तर अभ्यासावर फारसा परिणाम झाला नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या २५ टक्के राखीव जागांच्या तरतुदीकडे यामुळे नव्याने पाहता येते. वर्षातून एकदा अनाथाश्रमाला भेट देणाऱ्या मुलापेक्षा रोज एकाच बाकावर बसणारे मूल जास्त शिकते.

कुठे चुकते

सर्वांत नेहमीची चूक देखाव्याची आहे. वाढदिवसाला मुलाला आश्रमात नेऊन त्याच्या हातून खाऊ वाटायचा आणि घेणाऱ्या मुलांसह फोटो काढायचा, ही पद्धत शहरांत रूढ झाली आहे. रांगेत उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना आपली गरिबी दाखवावी लागते. देणाऱ्या मुलाच्या मनात आपण वरचे आणि ते खालचे ही उतरंड पक्की होते. अशा संस्थांना सणावारी गोडधोड भरपूर मिळते; खिचडीची डाळ, सॅनिटरी पॅड, वह्या, औषधे आणि शिक्षकाचा पगार यांची गरज वर्षभर असते. जाण्याआधी काय हवे ते विचारावे आणि वाटप संस्थेवर सोपवावे. मुलांना तिथे न्यायचेच असेल तर खेळायला न्यावे.

दुसरी चूक अडगळ देण्याची. पूर किंवा भूकंप झाला की फाटके कपडे, तुटकी खेळणी, मुदत संपलेली औषधे यांचे गाठोडे बांधले जाते. मुलांना यातून नको असलेले देणे म्हणजे दान असा धडा मिळतो. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेने याला वेगळे वळण दिले. शहरांतून आलेले कपडे निवडून, नीट करून ते गावकऱ्यांना त्यांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दिले जातात. विहीर, रस्ता किंवा साकव बांधणारा माणूस ते मानाने घेतो. घरच्या मुलांसाठी सोपी कसोटी पुरते. ही वस्तू आपल्याच मित्राला भेट देता आली असती का, एवढे त्यांनी विचारावे.

तिसरी चूक सक्तीची. प्रत्येकाने ठरावीक रक्कम आणावी, न आणणाऱ्याचे नाव फळ्यावर लागेल, अशा उपक्रमांत गरीब घरातल्या मुलाची कोंडी होते. वर्गांत चुरस लावली की मुलांचे लक्ष कारणावरून आकड्यावर जाते. रक्कम गुप्त ठेवणारी बंद पेटी आणि पैशाऐवजी श्रम देण्याची मुभा, या दोन गोष्टींनी हा दोष बराचसा टळतो.

सिग्नलवर हात पसरणाऱ्या मुलाचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. नाणे दिले तर त्या मुलाला रस्त्यावर ठेवणाऱ्याचा फायदा होतो, आणि काच वर केली तर आपल्या मुलाला निष्ठुरपणा दिसतो. मुलांना भीक मागायला लावणे हा बाल न्याय कायदा, २०१५ नुसार गुन्हा आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. त्यावर फोन करणे, त्या मुलाकडे पाहून बोलणे, जवळ असेल तर खाण्याची वस्तू देणे आणि आपण पैसे का देत नाही हे आपल्या मुलाला शांतपणे सांगणे, हा मधला मार्ग आहे.

घरी आणि वर्गात

तीन ते सहा या वयात देणे समोरासमोर आणि लगेचचे असावे. फळाच्या फोडी घरातल्या सर्वांना मुलाने वाटाव्यात, झाडांना पाणी घालावे, पक्ष्यांसाठी उन्हाळ्यात भांडे भरून ठेवावे, आजारी आजोबांना चष्मा आणून द्यावा. या वयात आवडते खेळणे देण्याचा आग्रह धरू नये. खेळणे थोडा वेळ देऊन परत घेता येते हे आधी कळू द्यावे.

सात ते दहा या वयात नेम लावता येतो. खाऊच्या पैशांचे खर्च, बचत आणि दुसऱ्यासाठी असे तीन डबे करावेत आणि तिसऱ्यात किती टाकायचे हे मुलाने ठरवावे. रक्कम रुपया-दोन रुपये असली तरी चालते. आठवडा चुकू नये. त्या डब्यातले पैसे कोणाला द्यायचे यावर घरात बोलणे व्हावे. वाडीतल्या भटक्या कुत्र्याचे औषध आणि शाळेच्या वाचनालयातले पुस्तक यांत निवड करताना मूल गरजांची तुलना करायला शिकते. मोठ्यांनीही आपला वाटा त्याच वेळी, त्याच्यासमोर काढावा.

अकरा ते चौदा या वयात वेळ आणि कौशल्य देता येते. धाकट्या वर्गातल्या मुलाला गणित शिकवणे, अंध विद्यार्थ्यासाठी पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणे, सोसायटीतल्या एकट्या वृद्धांची औषधे आणून देणे, जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून नव्या वह्या शिवणे ही या वयाला झेपणारी कामे आहेत. घरकामाला येणाऱ्या ताई, रिक्षावाले काका, कचरा नेणारे कामगार यांच्याशी मूल कसे बोलते, इकडेही याच वयात लक्ष द्यावे. दूरच्या गरिबाबद्दल कळवळा आणि जवळच्या कष्टकऱ्याशी उर्मट बोलणे, ही विसंगती मुलांनी बहुधा घरातूनच उचललेली असते.

वयाच्या पंधराव्या वर्षानंतर मुलांनी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. शाळेत डबा नसलेल्या मुलाला डबा देणे चांगले, पण शालेय पोषण आहार योजना का आणावी लागली, वस्तीत नळ का नाही, अर्ज कोणाकडे करायचा, याचाही शोध त्यांनी घ्यावा. रक्तदानासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी शिबिरात नोंदणीचे किंवा चहापाण्याचे काम करता येते. नात्यात अवयवदानाची, देहदानाची चर्चा होत असेल तर तीही या वयापासून लपवण्याचे कारण नाही.

हिशेब

मुलांकडून पैसा जमवणाऱ्यांवर हिशेब देण्याची जबाबदारी मोठ्यांकडून जमवणाऱ्यांपेक्षा जास्त असते, कारण मूल प्रश्न विचारत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांची नोंदणी आणि देखरेख १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. देणगी देण्याआधी संस्थेची नोंदणी पाहणे आणि पावती घेणे मुलांना सोबत घेऊन करता येते. शाळेने किती रक्कम जमली, कोणाला दिली आणि त्यातून काय झाले हे फळ्यावर लिहावे. जमलेल्या पैशांतून आलेल्या चष्म्यांची किंवा सायकलींची संख्या सांगावी. त्या वस्तू कोणाला मिळाल्या हे सांगू नये. मदत पोचली नाही किंवा चुकीच्या ठिकाणी गेली, तर तेही मुलांना कळवावे आणि पुढच्या वेळी काय बदलायचे हे त्यांच्याकडूनच घ्यावे. हिशेब पाहिलेले मूल मोठेपणी फसव्या आवाहनांना सहज भुलत नाही, आणि कोणीतरी एकदा फसवले म्हणून देणे बंदही करत नाही.